पंचोपचारी प्लेबुक

गणेशचतुर्थीच्या सकाळी पुण्यातले गुरुजी स्कूटरवरून उतरतात तेच घड्याळाकडे बघत. 'सोळा उपचार नकोत, पाचांत आटपा' म्हणायला यजमानालाही संकोच वाटत नाही, कारण ती सोय शास्त्रानंच करून ठेवली आहे: गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. आमच्या धंद्यात याला टॅग म्हणतात.

धंदा सर्व्हर सांभाळण्याचा. हत्यार अन्सिबल. ढीगभर सर्व्हरवर तेच ते काम हातानं करावं लागू नये म्हणून मायकेल डीहान यांनी २०१२ साली ते काढलं. २०१५ मध्ये रेड हॅटनं ते विकत घेतलं. रेड हॅटचं एक ऑफिस मगरपट्ट्यात आहे, त्यामुळे आम्ही हडपसरकर अन्सिबलला घरचंच समजतो. सगळी कृती लिहिलेली फाइल म्हणजे प्लेबुक: युजर बनवा, पॅकेजं टाका, फायरवॉल लावा, एनजिनएक्सची कॉन्फिग ठेवा. बदलायची असते कॉन्फिगमधली एक ओळ. तेवढ्यासाठी अख्खं प्लेबुक कोण चालवणार? टॅग द्यायचा, तेवढाच भाग चालतो.

मात्र पूजा कितीही आटोपशीर असो, संकल्प सुटत नाही. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, अमुक संवत्सरात, अमुक गोत्राचा यजमान, ही नोंद आधी. अन्सिबलही टॅग कुठलाही द्या, सहसा आधी सर्व्हरची कुंडली मांडतं: लिनक्स कुठलं, मेमरी किती, पत्ता काय. या कामाला 'ऑलवेज' हा टॅग न सांगता मिळतो. त्याच्या उलट 'नेव्हर', जो २.५ आवृत्तीत आला. तो लावलेलं काम मुद्दाम बोलावल्याशिवाय चालत नाही. विसर्जनाला हाच असणार. नैवेद्याच्या भरात कुणी मूर्ती हलवलेली चालायची नाही.

आमच्या टीममधल्या एका हुशारानं जुना डेटाबेस पुसायच्या कामाला 'नेव्हर' लावला, आणि शेजारी 'डेटाबेस' हाही टॅग. म्हणजे कुणी भोळेपणानं 'डेटाबेस' म्हणून हाक मारली, की पुसणारंही ओ देणार! सदाशिव पेठेतल्या आमच्या मॅडमनी रिव्ह्यूमध्ये ते पकडलं आणि खाली लिहिलं, 'नेव्हर म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. डॉक्युमेंटेशन वाचले असल्यास कळवावे.' त्यानं कळवलं नाही.

टॅगचं स्पेलिंग चुकलं तर अन्सिबल भांडत नाही, हे मला अधिक भीतीदायक वाटतं. कुंडली मांडतं, 'फेल्ड' शून्य दाखवतं आणि हिरव्या अक्षरांत निरोप घेतं. काम काहीच झालेलं नसतं. पुण्यात इतकं सौजन्य दिसलं की माणसानं सावध व्हावं, आणि आधी 'लिस्ट-टास्क्स' लावून काय काय चालणार ते वाचून घ्यावं.

परवा नवा सर्व्हर आला. त्याला टॅग देऊन भागेना, सगळंच लागणार होतं. प्लेबुक तिसऱ्याच पायरीवर अडलं: ज्या रिपॉझिटरीतून पॅकेज आणायचं, ती कधीच बंद झालेली. पुढे एका युजरची की होती, तो नोकरी सोडून गेलेला. नव्या मुलीनं विचारलं, "सर, हे अख्खं शेवटचं कधी चालवलं होतं?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हुशाराकडे पाहिलं. हुशार म्हणाला, "तूर्त हा सर्व्हर हातानंच उभा करू. प्लेबुकचं दिवाळीनंतर बघू."