सटाण्याला बारा लाख माफ

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत जाहीर केलं, की बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आता आयकर नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत माफी. सत्ताधाऱ्यांनी दणादण बाकं वाजवली. इकडे नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात, नामपूर रस्त्याकडच्या एखाद्या नव्या कॉलनीत, स्लॅबवर उभ्या गवंड्याला घरमालक खालूनच ओरडला असेल, "नाना, बारा लाख माफ झाले!" नाना दचकला. आपल्या नावावर परस्पर कोणी बारा लाखांचं कर्ज उचललं होतं की काय? कर्ज नव्हे, कर, हे कळल्यावर त्याचा एकच प्रश्न: "आमले काय भेटनं?"

प्रश्न छोटा, पण हिशेबाला धरून आहे. सरकारनेच दिलेला तक्ता पाहा. वर्षाला बारा लाख मिळवणाऱ्याचे ८० हजार वाचणार. पंचवीस लाखवाल्याचे एक लाख दहा हजार. नाना आधीच्या सात लाखांच्या मर्यादेतही बसत होता, म्हणून त्याचं वाचलं शून्य. ज्याची मिळकत मोठी त्याला रोख सवलत, ज्याची तुटपुंजी त्याला हार्दिक शुभेच्छा.

या माफीपायी सरकार सुमारे एक लाख कोटींवर पाणी सोडणार होतं. रोजगार हमी योजनेसाठी (रोहयो) मात्र ८६ हजार कोटी, म्हणजे आदल्या वर्षी होते तेवढेच. महागाईला बहुधा रोहयोच्या कामावर हजेरी मिळत नसावी. ही योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच देशाला शिकवली. शिकवणाऱ्याची फी थकवण्याची आपली परंपरा जुनीच आहे.

नाना आयकर भरत नाही म्हणून तो फुकट्या ठरत नाही. २०२५ चा अर्थसंकल्प आला तेव्हा सिमेंटच्या गोणीवर २८ टक्के जीएसटी होता. टूथपेस्टवर १८, मोबाइलच्या रिचार्जवर १८. हप्त्यावर घेतलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवर पुन्हा २८. या रांगेत बारा लाखांची अट नाही, तिथे लक्षाधीश आणि रोजंदारीवाला अगदी समान नागरिक! तरी दुचाकीचा विचार अर्थसंकल्पात झालाच नाही, असं म्हणवत नाही. १६०० सीसीवरच्या आयात मोटारसायकलींचं सीमाशुल्क ५० टक्क्यांवरून ३० वर आणलं. ताहाराबाद रस्त्याने बायकोला कांद्याच्या लागणीवर सोडायला जाताना नानाने आता हार्लेचा विचार करायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर सटाण्याचा अर्थसंकल्प लोकसभेत मांडलाच जात नाही. तो बाजार समितीच्या लिलावात पुकारला जातो. कांद्याला भाव आला की शेतकरी घर बांधायला काढतो, नानाला काम लागतं, कापडदुकानात गिऱ्हाईक येतं, प्लॉटचा हप्ता वेळेवर जातो. भाव पडला की खडीचा ढीग जागेवर आणि नाना चौकात. हा भाव पाडायला अर्थसंकल्प लागत नाही, एक अधिसूचना पुरते. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली ती तशीच. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्काचं लोढणं गळ्यात घालून. सप्टेंबरात ते २० वर आलं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पावेळीही तिथेच होतं. त्या अर्थसंकल्पाच्या भाषणात बिहारच्या मखान्याला मात्र स्वतंत्र मंडळ मिळालं. बिहारमध्ये त्याच वर्षी निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग. मखाना वजनाला हलका, दिल्लीत लगेच तरंगतो. कांदा पडला जड.

खजिना कसा वापरावा, याबाबत सटाणेकर जरा चिकित्सक आहेत, हेही मान्य केलं पाहिजे. १८७०-७१ च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी तिजोरी उघडून भुकेल्यांना पैसा वाटला. तपासणी झाली तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, असं भाविक सांगतात. गावाने त्यांना देवमामलेदार केलं, मंदिर बांधलं, दरवर्षी यात्रा भरते. महसूल खात्याच्या माणसाची भक्तिभावाने पूजा करणारं गाव सहसा सापडायचं नाही. २०२५ मध्ये वित्तीय तूट ४.४ टक्क्यांवर आणण्याला चमत्कार म्हणत होते.

अर्थमंत्र्यांनी देव व्हावं, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तेव्हा मागणं एवढंच होतं: सिमेंटवरचे २८ टक्के उतरवा, कांद्यावरचे २० टक्के काढा, रोहयोला निदान महागाईइतकी वाढ द्या. बारा लाख खुशाल माफ करा, पण आधी ते सटाण्यातल्या घरांना मिळवू तरी द्या.