इमारतीला जादा वेळ

जगात जर्मनी, देशात परभणी, असे आम्ही छाती फुगवून सांगतो, ते उगाच नाही. आमच्याकडे शिस्त आहे. पालम, जिंतूर किंवा सोनपेठच्या पोराला चालता येत नसेल, तर ते त्याच्या आईला दिसून भागत नाही. वैद्यकीय मंडळाला दिसावे लागते. म्हणून ज्याला चालता येत नाही, त्याने जिल्ह्याच्या गावी यावे आणि चालता येत नाही हे सिद्ध करावे. 40 टक्के भरले की सवलती सुरू. 39 भरले तर पोराने आणखी मेहनत घ्यावी.

कायद्याबद्दल आमची तक्रार नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण आहे, उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा आहेत. जून 2017मध्ये नियम आले आणि सार्वजनिक इमारतींना सुधारायला पाच वर्षे मिळाली. जून 2022मध्ये वेळ संपली, तरी पुष्कळ इमारती अजून पेपर लिहितच आहेत. बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे 20 मिनिटे जादा; इमारतीला सालामागे साल जादा, तेही प्रमाणपत्र न मागता. पोराचा लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा, नाहीतर गैरप्रकार होईल. इमारतीच्या वतीने लिहिणारे मात्र सगळे पदवीधर, आणि उत्तर एकच: ‘काम प्रगतिपथावर आहे.’

रॅम्पच्या उताराचे गणित खरे तर चौथीतल्या पोराला जमेल. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोते दोन फूट असेल तर चोवीस फूट. पण मार्चअखेरीच्या निधीला एवढे लांब जायला सवड नसते. मग आठ फुटांत जी घसरगुंडी तयार होते, तिच्यापुढे उभे राहून फोटो काढला की शाळा ‘समावेशक’. वर पोचणाऱ्याच्या स्वागताला एक पायरी ठेवलेली असते.

नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. तीन महिन्यांत सक्तीचे निकष ठरवा. न्यायालयाला बरोबर कळले. शिफारशीने आपल्याकडे बदल्या होतात, रॅम्प होत नाहीत.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. यापुढे तपासणी इमारतींची व्हावी. दार किती इंच अडवते, जिना किती पोरांना परत पाठवतो, ब्रेलचे पुस्तक किती महिने उशिरा येते, हे मोजून मंडळाने टक्केवारी लिहावी आणि कार्ड शाळेच्या दर्शनी भागावर लावावे. 40च्या पुढे गेलेल्या शाळेच्या मंजुरीवर सही करणाऱ्याने पोराला कडेवर घेऊन वर्गात सोडावे, रोज.

नियम मात्र सगळ्यांना सारखा. तपासणीचे शिबिर परभणीलाच असेल, मूळ कागदपत्रे व तीन झेरॉक्स आणाव्यात, आणि अर्जदार इमारतीने सकाळी दहाला जातीने हजर राहावे.