येडेपणाचे उपकार

आमच्या केज तालुक्यात एखाद्याला ‘येडं’ ठरवायला फार काही लागत नाही. पडद्यावर उडणारं विमान बघून ज्याच्या अंगावर काटा येतो, तो येडा. मी त्यातलाच. शाळेत शिकवत शिकवत तीस वर्षं गोष्टी लिहिल्या. त्यांत जे काही बरं उतरलं, ते या येडेपणानं दिलं. म्हणून आज त्याची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून.

पहिला उपकार जत्रेतल्या तंबूतला. टुरिंग टॉकीजचं कापड दोन बांबूंना ताणून बांधलेलं असायचं आणि आम्ही पोरं त्याच्या उलट्या बाजूला बसायचो. त्या बाजूनं पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत आणि राम डाव्या हातानं प्रत्यंचा ओढी. रीळ तुटलं की चित्र जाई, नुसतं पांढरं कापड उरे आणि उजेडाला आलेली पाखरं त्यावर फिरत राहत. रीळ जोडलं की देव पुन्हा हजर. माझी आजी शेजारी बसून त्या देवाला हात जोडायची. एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, “आजे, ते कापड हाय.” ती म्हणाली, “ठावं हाय की मला. सांजच्याला बांधताना म्याबी बघितलंय. पर समोर आलाय तर हात जोडू नये व्हय?”

गोष्ट सांगण्याबद्दल याहून नेमकं मला पुढे कोणी शिकवलं नाही. कापड आहे हे ठाऊक असावं आणि तरी हात जोडले जावेत. लिहिणाऱ्याचे हात आधी जोडले गेले नाहीत, तर वाचणाऱ्याचे जोडले जाण्याची आशा धरू नये. माझ्या ज्या गोष्टी फसल्या, त्या सगळ्या मी कापडाकडे बघत लिहिल्या होत्या.

कापडाचं आणि आमच्या मुलखाचं नातं तसं जुनं. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून काढलं. एवढं तत्त्वज्ञान कापडावर मांडायचं कुणा शहाण्याला सुचलं नसतं. त्यांची आख्यायिका तर थेट सिनेमाची आहे. दुष्काळात सरकारी देणं थकलं म्हणून बिदरच्या बादशहानं कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. मुदत संपत आली तेव्हा दत्त स्वतः दत्ताजी पाडेवार होऊन आला आणि पै न् पै भरून मुलाला सोडवून गेला.

या चमत्कारात काय आहे ते बघा. दुष्काळ आहे, थकबाकी आहे, ओलीस पडलेलं पोर आहे, आणि देव आला तो पैसे भरायला आला. ज्या मुलखात पाऊस भरवशाचा नाही, तिथली अद्भुत कथा अशीच असणार. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा १९३९ चा चित्रपट मी पाहिला, तेव्हा त्यातलं सुरुवातीचं मातकट कॅन्सस बघून मला आष्टी-पाटोद्याचा उन्हाळा आठवला. त्यातल्या मुलीच्या डोळ्यांपुढे रंग उघडतात ते नंतर. आधीचा तो कोरडा मातीचा रंग नसता, तर पुढच्या रंगांना किंमत आली नसती. तेव्हापासून अद्भुत लिहायला बसलो की मी आधी धूळ लिहितो.

येडेपणाच्या स्तुतीत दादासाहेब फाळक्यांना वगळून चालत नाही. १९१० मध्ये मुंबईत ते ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघायला बसले. डोळ्यांसमोर ख्रिस्त होता आणि मनात राम-कृष्ण दिसू लागले. पुढे विमा पॉलिसी गहाण पडली, डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जाता जाता वाचली, आणि सरस्वतीबाईंनी रांधण्यापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंतची कामं केली. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनीच कृष्ण झाली. आवडत्या चित्रपटाचं ऋण कसं फेडावं, ते मी इथून शिकलो. फाळक्यांनी ख्रिस्त उचलून आणला नाही. त्या अंधारात जे भारावलेपण आलं तेवढं घेतलं आणि आपल्या घरच्या देवाला वाहिलं.

पुढचा धडा प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा. दामले-फत्तेलाल यांच्या या १९३६ च्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं. लहानपणी मी फक्त विमान बघितलं. हाताशी लेखणी आल्यावर त्यांची बायको जिजाई दिसली. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी ती बाई शेवटी जमिनीवर राहते, पोरांसोबत. गौरी या नटीनं ती अशी उभी केली आहे की विमान खरं वाटतं ते तिच्यामुळे. चूल खरी असली की वर उडणाऱ्या विमानाचीही खात्री पटते. माझ्या प्रत्येक गोष्टीत आता कुणीतरी एकजण चुलीपाशी थांबतो.

आणि तरीही एका संपादकांनी माझी कथा परत पाठवताना लिहिलं होतं की, बीडच्या लेखकाकडून वास्तवाची अपेक्षा आहे, परीकथेची नाही. फार दिवस ते मनाला लागून राहिलं. उत्तर सापडलं ते शाळेत.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीनं कारखान्यांच्या वाटेला लागतात. फडात ऊस तोडायचा, कोपीत राहायचं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परतायचं नाही. आणि हिशेबाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. माणसाचं हत्यार झालं, आणि ते व्हायला मंत्र लागला नाही, अंगठा पुरला. संपादकांना जे वास्तव हवं होतं, ते हे. याहून मोठं रूपांतर मी कोणत्याही परीकथेत वाचलेलं नाही.

अशा घरांतली, मागे आजीजवळ राहिलेली पोरं माझ्या वर्गात असत. एका दुपारी मी त्यांना मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ दाखवला. २००१ चा जपानी चित्रपट. भाषा कुणालाच येत नव्हती, मी शेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो. चिहिरोच्या आईबापांची डुकरं होतात. तिला चेटकिणीच्या हमामखान्यात कामाला जुंपतात, करार करताना चेटकीण तिचं नावच काढून घेते आणि ‘आता तू सेन’ असं म्हणते. एवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, हिनं उचल घेतली व्हती का?”

वर्गात कुणी हसलं नाही. प्रश्न बरोबर होता. जपानी चेटकीण तिनं एका क्षणात ओळखली, कारण तिला ती नवी नव्हती. मग चित्रपटाच्या शेवटची परीक्षा आली. समोर डुकरांचा कळप, यातले तुझे आईबाप ओळख. चिहिरो म्हणते, यांत ते नाहीतच. पोरांनी श्वास सोडला. तीच मुलगी जाताना म्हणाली, “तिला वळखू आलं. माझ्या बारक्या भावाला येत न्हाई.”

खरं आहे ते. मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर परत येतात. उन्हानं करपलेली, हातावर पाचटाचे ओरखडे असलेली आई खाली उतरते आणि हात पुढे करते, आणि धाकटं पोर आजीच्या लुगड्यामागे लपतं. आई तशीच हात पसरून उभी राहते. मग पिशवीतून काहीतरी काढते, त्याच्या नावानं हाक मारते, पुन्हा मारते.

ते दृश्य मी कितीदा पाहिलं होतं, पण लिहिता आलं नव्हतं. वास्तव म्हणून लिहायला बसलो की त्याची बातमी होई. त्या दुपारनंतर मी गोष्ट लिहिली. त्यात एका गावातली सगळी माणसं दिवाळीनंतर कोयते होतात. पट्टा पडल्यावर ट्रॅक्टरमधून कोयते उतरतात, आणि प्रत्येक पोराला आपला कोयता ओळखून त्याला नावानं हाक मारायची असते. हाक बरोबर लागली तर माणूस परत मिळतो.

वर्गात वाचून दाखवली तेव्हा पोरांना ठाऊक होतं की हा कागद आहे. तरी शेवटाला आल्यावर ती आपापल्या आयांची नावं घेऊ लागली.