घमेलं आणि फोटो

कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचे. १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ म्हणत. पोरांनी शेतात राबायचं, त्यावर शिकायचं. त्याआधी वसतिगृहातल्या पोरांसाठी पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं होतं.

आता सुधारणा झाली. आधी फी भरायची, मग राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास सेवा करायची. झाडू कोरा करकरीत, दांड्यावरचं प्लास्टिकही शाबूत. पाच जणांत एक घमेलं, तेही रिकामं. फोटोत बॅनर तेवढा सरळ हवा. कमवायचं बापानं, शिकायचं पोरानं, असा सोयीचा अर्थ लागलाय.

संस्थाचालकांनो, कर्मवीर जयंतीला हार जरूर घाला. पण पोरांच्या घामाचे तास फीतून वळते करा.