चौरस फुटाचा भाव

कलेच्या बाजाराइतकी निःपक्षपाती जागा जगात दुसरी नाही, असं त्या बाजारातली माणसं सांगतात. तिथे म्हणे बाई-पुरुष, काळा-गोरा असं काही पाहत नाहीत. चित्र पाहतात आणि हात वर करतात. आपण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू आणि हिशेबाला बसू. मे २०१९मध्ये न्यू यॉर्कला सदबीजच्या लिलावात ली क्रॅस्नर यांचं 'द आय इज द फर्स्ट सर्कल' हे १९६० सालचं अमूर्त चित्र सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरला गेलं. क्रॅस्नरबाईंच्या चित्राला लिलावात तोवर मिळालेली ही सर्वात मोठी किंमत. चित्र सोळा फूट लांब आणि पावणेआठ फूट उंच. सगळीकडे मातकट तपकिरी आणि पांढरट रंगाची घुसळण, एकमेकांवर आदळणारे फटकारे, खाली उतरलेले ओघळ आणि त्या गदारोळातून मधेच डोळ्यासारखं काहीतरी आपल्याकडे रोखून बघतंय. त्या काळात बाईंची झोप उडालेली होती. त्या रात्री-अपरात्री रंगवायला उभ्या राहत, आणि दिव्याच्या उजेडात रंग लावणं पसंत नसल्यामुळे त्यांनी भडक रंगांना सरळ रजाच दिली.

आता दुसरी पावती. २०१३ साली क्रिस्टीजमध्ये त्यांचे यजमान जॅक्सन पोलॉक यांचं 'नंबर १९, १९४८' हे चित्र ५ कोटी ८४ लाख डॉलरला विकलं गेलं. हे चित्र कागदावरचं, साधारण अडीच फूट उंच आणि दोन फुटांना थोडं कमी रुंद. मुंबई-पुण्याच्या वाचकाला पुढचं गणित शिकवायला नको. यजमानांचा कार्पेट एरिया पाच चौरस फूटसुद्धा भरत नाही, बाईंचा सव्वाशेच्या जवळ जातो. यजमानांचा दर चौरस फुटाला १ कोटी २० लाख डॉलर पडला, बाईंचा ९४ हजार. म्हणजे सव्वाशेपटीहून जास्त फरक. एकाच घरातली दोन माणसं, आणि बाईंचं चित्र तर रंगवलं गेलं यजमान जिथे रंगवायचे त्याच कोठारात, म्हणजे लोकेशनसुद्धा तेच!

चौरस फुटावर कला मोजणं हा अडाणीपणा आहे, असं कुणी म्हणेल. कबूल. पण चित्र चांगलं की वाईट हे डॉलरवर मोजणं शहाणपणाचं असेल, तर मग फूटपट्टीनेच काय घोडं मारलं आहे? आणि डॉलरवर मोजणारे सामान्य लोक नव्हेत. जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलिट्स यांनी २०१३ साली एका मुलाखतीत सांगितलं की बायकांना फारसं चांगलं रंगवता येत नाही, आणि पुरावा म्हणून बाजाराकडे बोट दाखवलं. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की बाजार खोटं बोलत नाही. हे गृहस्थ चित्रं उलटी रंगवण्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. त्यामुळे त्यांचा युक्तिवादही जरा सुलटा करून पाहायला हवा. क्रॅस्नरबाईंचा लिलावातला आधीचा उच्चांक २०१७चा, सुमारे ५५ लाख डॉलरचा. दोन वर्षांत तो दुपटीवर गेला. बाई १९८४ सालीच वारल्या होत्या, तेव्हा मधल्या काळात त्यांचा हात सुधारला असं म्हणायची सोय नाही. सुधारलं असेल तर गिऱ्हाईक.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की पोलॉक पायंडा पाडणारे होते. कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर रंग ओतण्या-शिंपडण्याची त्यांची रीत जगाने डोक्यावर घेतली, १९४९ साली 'लाइफ' साप्ताहिकाने ते अमेरिकेतले सर्वात थोर हयात चित्रकार आहेत का, असं विचारून टाकलं. पायंड्याला जादा पैसे मिळणारच. हे खरं आहे, आणि सव्वाशेपटीतला बराचसा वाटा त्या पायंड्याला द्यायला माझी हरकत नाही. पण पायंड्याला भाव कसा आला, हेही पाहू. पोलॉक १९५६च्या ऑगस्टमध्ये मोटार अपघातात गेले. त्यानंतर त्यांची चित्रं सांभाळणं, ती थोडी थोडी बाजारात सोडणं आणि किंमत खाली येऊ न देणं हे काम बाईंनी केलं. 'ऑटम ऱ्हिदम' हे चित्र यजमान हयात असताना ८ हजार डॉलरला मिळण्यासारखं होतं. १९५७ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते ३० हजारांना घेतलं, आणि दर ठरवणाऱ्या होत्या क्रॅस्नरबाई. नवऱ्याच्या मरणानंतर अमेरिकन अमूर्त चित्रांचे भाव या बाईंनी जवळपास एकहाती चढवले, असं समीक्षक हॅरॉल्ड रोझेनबर्ग यांनी १९६५ सालीच लिहून ठेवलं आहे. बाजाराच्या नाड्या इतक्या नेमक्या ओळखणारी बाई स्वतःच्या चित्रांना तो भाव आणू शकली नाही. बाझेलिट्स यांच्या हिशेबाने बाईंना विकता येत होतं, रंगवता येत नव्हतं. यजमान कोठारात रंगवत असताना वरच्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत, टेबलावर मावतील एवढीच चित्रं त्या वर्षानुवर्षं करत होत्या, हा तपशील अर्थात किमतीत धरत नाहीत.

अमूर्त चित्राचा मला या वादात एक मोठा उपयोग दिसतो. आई-मूल, फुलदाणी, स्वयंपाकघर असं काही चित्रात असेल तर 'बायकी विषय' म्हणून भाव पाडता येतो. मातकट फटकाऱ्यांच्या ढिगात बायकी काय शोधणार? क्रॅस्नरबाईंचे गुरू हान्स हॉफमन यांनी तर १९३०च्या दशकातच त्यांच्या एका चित्राचं कौतुक करताना, हे इतकं चांगलं आहे की बाईने काढलंय हे कळणारही नाही, अशी शाबासकी दिली होती. कौतुक बाजूला ठेवा, पण निरीक्षण पक्कं आहे. ते पुढे संशोधकांनीही तपासून पाहिलं. ४९ देशांतल्या १९ लाख लिलाव-व्यवहारांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांची चित्रं सरासरी ४२.१ टक्के कमी भावाने गेलेली दिसली. त्याच संशोधकांनी लोकांना नुसती चित्रं दाखवून चित्रकार बाई की पुरुष असं विचारलं, तेव्हा लोकांना ते सांगता आलं नाही. मग त्यांनी संगणकाने तयार केलेल्या चित्रांखाली कधी पुरुषाचं, कधी बाईचं नाव घातलं, तर कलादालनांत जाणाऱ्या पैसेवाल्या मंडळींना बाईच्या नावाचं चित्र जरा डावं वाटलं. ज्या चित्राला ना आई ना बाप, त्यालाही बाईचं नाव लावताच उतरती कळा लागली.

शेवटचा आक्षेप दुर्मिळतेचा. बायकांची चित्रं बाजारात येतातच कमी, मग भाव कुठून येणार, असं विचारतात. दुसरा कुठलाही माल कमी आला की महाग होतो. टोमॅटोला लागू पडणारा नियम कॅनव्हासला का लागू नये, हे कुणी सांगत नाही. क्रॅस्नरबाईंनी तर स्वतःचं कितीतरी काम फाडलं, कापलं, त्या तुकड्यांतून दुसरी चित्रं केली. त्यांच्या कामांच्या अधिकृत सूचीत जेमतेम ५९९ नोंदी आहेत. इतक्या दुर्मिळ मालाला इतका बेताचा भाव हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा चमत्कार आहे.

हे सगळं वाचून ज्यांच्या खिशात कोट-दीड कोट डॉलर खुळखुळत असतील, त्यांनी बायकांची अमूर्त चित्रं घ्यायची तर वेळ लावू नये. ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता जास्त तिथे ही सवलत मोठी मिळते, आणि समानता वाढेल तशी ती कमी होत चालली आहे, असंही त्याच अभ्यासात म्हटलं आहे.