समाईक वाटेवरची शिकारगाडी

आमच्या मालवण तालुक्यात शिकार केली कमी जाते, सांगितली जास्त जाते. ज्याच्या आजाने ठासणीची बंदूक आयुष्यभर नुसती तेल लावून ठेवली, त्याच्याही घरात डुकराची एक गोष्ट असते आणि दर पिढीला त्या डुकराचं वजन वाढत जातं. आमच्या मोठ्या काकांच्या गोष्टीतला डुकर आता गव्याच्या मापाला आला आहे. मुंबईची नोकरी संपवून काका कायमचे गावी आले ते या डुकरासकट. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की रानात फिरायला एक बारकी, हलकी, चिखलात न रुतणारी चार चाकांची गाडी घ्यायची. परदेशातले शिकारी वापरतात ती. एटीव्ही.

"शिकार कसली करतलास? मच्छरांची?" काकींनी भाताचा गोळा मोडता मोडता विचारलं.

काकींचा मुद्दा कायद्याला धरून होता. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा परवाना काढून काही जनावरं मारता येत. मात्र चाकांच्या किंवा इंजिनाच्या वाहनातून शिकार करायला त्याच्या सतराव्या कलमाने बंदी घातली होती. पुढे 1991 च्या दुरुस्तीने शिकारच बंद केली. म्हणजे आधी चाकं काढून घेतली, मग बंदूक. शिवाय कायद्याच्या लेखी मारणं ही शिकार आहेच, पण पकडणं, फासे लावणं आणि मारण्यासाठी हाका घालणं हीसुद्धा शिकारच. शिमग्यातल्या पारधीला आरडाओरड करत रानात घुसणारा जुना गाव अख्खाच्या अख्खा या व्याख्येत बसला असता.

पण काका मंत्रालयात फायली हलवण्यात पस्तीस वर्षं घालवलेला माणूस. त्यांनी पळवाट काढली. "डुकर नाय तर नाय. कुर्ल्यो!"

यावर काकीही क्षणभर गप्प झाल्या. मृगाचा पहिला पाऊस कोसळला, की रात्री व्हाळाच्या कडेने आणि मळ्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बाहेर पडतात. बॅटरीचा झोत तोंडावर पडला की कुर्ली जागच्या जागी थबकते, दोन्ही नांग्या वर करते आणि आपल्याकडे असं बघते, जणू हद्दीचा दगड आपणच सरकवला. मागून, पाठीवर बोट दाबून ती उचलायची. चुकीच्या बाजूने हात घातला तर शिकारी कोण, हे बोटाला लगेच कळतं. या कुर्लीला सरकारने अजून संरक्षण दिलेलं नाही. शिकार म्हणून मिरवायला आमच्याकडे हीच काय ती उरली आहे. आणि तिच्यासाठी काकांना चार चाकं हवी होती.

त्यांनी अभ्यास मात्र मुळापासून केला. अमेरिकेत थंडीत मोटारसायकली खपत नाहीत, म्हणून होंडाने 1970 साली विक्रेत्यांच्या हाताला काम द्यायला यूएस 90 नावाची तीनचाकी काढली. फुगीर टायर, सात अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये ती जेम्स बाँडच्या हाती लागली. 1982 मध्ये सुझुकीने चौथं चाक जोडलं. तीन चाकं वळणावर माणसांना उलटीपालटी करू लागल्याने 1988 मध्ये अमेरिकेत त्यांची विक्री थांबली. शिकाऱ्यांना ही गाडी आवडली ती गोळी घालायला नव्हे; चालत्या गाडीवरून गोळी घालायला तिकडच्याही बहुतेक राज्यांत मनाई आहे. पडलेलं हरीण पाठीवरून आणावं लागू नये, एवढंच त्यांचं मागणं.

"कुर्ल्यांचो डबो पाठीवरून आणूक तुमका काय होता?" काकी.

काका ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. गाडी बारकीच का, हे ते मला समजावत होते. मोठी एटीव्ही तीनशे किलोच्या पुढे जाते, बारकी दोनशेच्या आसपास राहते. टायरमधली हवा जेमतेम चार-पाच पीएसआय, त्यामुळे रबर जमिनीवर पसरतं, वजन वाटलं जातं आणि गाडी पुळणीत रुतत नाही. अडचण एकच. असल्या बहुतेक गाड्यांना आरटीओ पासिंग नाही, म्हणजे रस्त्यावर आणायच्या नाहीत. पोलारिसने 2021 मध्ये त्यावर तोड म्हणून स्पोर्ट्समन 570 चक्क ट्रॅक्टर म्हणून पास करून आणली. तेव्हा किंमत आठ लाखांच्या घरात होती.

"आठ लाखांच्यो कुर्ल्यो किती येतीत?" काकींनी हिशेब मागितला. कुणीच केला नाही.

परीक्षा म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. तिथे पर्यटकांना फेरी मारायला असल्या गाड्या भाड्याने मिळतात. काकांचा हात स्कूटरचा. त्यांनी मूठ पिळली. मूठ हलेना, गाडीही हलेना. भाड्यावाल्या पोराने सांगितलं, "काकानू, अंगठ्यान दाबा." एटीव्हीचा वेग अंगठ्याखालच्या खटक्यात असतो. मंत्रालयात कुणाच्या अंगठ्याखाली काम न केलेल्या काकांनी तो खटका पूर्ण दाबला. दुसरी गोष्ट पोराने सांगेपर्यंत उशीर झाला होता. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर फिरतात, त्यामुळे वळताना अंग आत टाकावं लागतं. नुसता हँडल वळवला तर गाडी नाकासमोर जाते. काकांच्या नाकासमोर सुरूचं बन होतं. पहिल्या सुरूपाशी गाडी थांबली. उतरून काका म्हणाले, "ब्रेक चांगलो आसा." ब्रेकला त्यांनी हात लावला नव्हता.

खरी परीक्षा गावात होती. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडीच्या रुंदीची एक काठी तोडली आणि आम्ही ती आडवी धरून घरापासून मळ्यापर्यंत निघालो. खळ्यातून निघून काठी बेड्यातून जेमतेम पार झाली. पाणंदीत दोन्हीकडच्या जांभ्याला घासली. व्हाळावरच्या साकवाला पोफळीचे दोन सोट. त्यावरून काठी गेली, पण गाडीचं निम्मं अंग व्हाळात लोंबकळलं असतं. पुढे मळ्याची मेर, पायाच्या पंजाएवढी. आणि सगळ्यांत शेवटी दगडांचा गडगा, कमरेएवढा.

गडग्यापाशी काठी थांबली आणि माणसं जमली. कारण गडगा समाईक. मळा समाईक. सात-बारावर इतकी नावं, की तलाठ्याने वाचायला घेतली तर मधे चहा सांगावा लागेल. त्यातली निम्मी माणसं वारली आहेत आणि उरलेली विरारला आहेत. चुलत्यांनी काठीकडे बघितलं आणि विचारलं, "हय रस्तो काढतास काय?" काका म्हणाले, "नाय, कुर्ल्यो धरूक." यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या वाडीत जन्मायचा आहे. संध्याकाळपर्यंत बातमी अशी पसरली, की मोठ्याने मळा हॉटेलवाल्याला विकला आणि काठीने मोजून दिला.

तेव्हा मला या गाड्यांमधला मूळ दोष दिसला. चिखल, चढ, वाळू, दगड यांतून जायची सोय जपान-अमेरिकेतल्या इंजिनियरांनी केली, पण भाऊबंदकीतून पार होणारा गिअर कुणी काढलेला नाही. सगळ्या हिश्श्यांतून, कुणाची ना-हरकत न घेता, रात्री-बेरात्री बिनधास्त जाणारा आमच्या जिल्ह्यात एकच, रानडुक्कर. आणि त्याच्या पाठीशी केंद्र सरकारचा कायदा आहे.

काकींनी शेवटी पर्याय सुचवला: पडवीत झाकून ठेवलेली सासऱ्यांची लूना. तीही कायद्याबरोबर 1972 सालीच बाजारात आलेली, पन्नास सीसीची. मेरेवरून जाते, साकवावरून जाते आणि गडगा आला तर दोघांनी उचलून पलीकडे ठेवायची. काकांना ते पटलं. पण लूना सासऱ्यांची, म्हणजे पुन्हा समाईक. तिच्यात चुलत्यांचाही हिस्सा निघाला आणि मागच्या चाकावर आत्येचा. ती दुरुस्त कुणाच्या पैशाने करायची, पेट्रोल कुणी घालायचं आणि धरलेल्या कुर्ल्यांचे वाटे किती, यावर खळ्यात बैठक बसली. गाडीच्या मालकीवर एकमत झालं नाही, पण कुर्ल्यांच्या वाट्यांवर मात्र चटकन झालं. एकही कुर्ली अजून धरलेली नसताना.

बाकी सगळं चवथीवर, म्हणजे गणपतीवर ढकललं. चवथीला मुंबईचे सगळे हिस्सेदार येतात, तेव्हा ठरवू.

"कुर्ल्यो मृगात येतत," काकी म्हणाल्या.

"मग त्यांका सांगा," धाकटे काका म्हणाले, "चवथीपर्यंत थांबा. समाईक काम आसा."