गुलाबी बोंडअळीस खुले पत्र

प्रति,
गुलाबी बोंडअळी,
मु. कापसाचे बोंड, जि. यवतमाळ व परिसर

विषय : फवारणी कमी होण्याच्या भीतीबाबत निश्चिंत राहणे.

अंड्यातून निघालेली बोंडअळी लगेच फुलात-बोंडात शिरते आणि मागचे भोक बुजते. मग वरून मारलेले औषध तिला लागत नाही. लागते ते तिच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकांना. म्हणजे फवारणी घटली तर खरा धोका अळीलाच. तशी चिन्हे नाहीत, हे कळविण्यास आनंद होतो.

सगळा मामला हिशेबाचा आहे. 2002 मध्ये आलेला बोंडअळीरोधक बीटी कापूस अळीने दशकभरातच गुजरातेत पचवला. 2017 मध्ये तिने विदर्भ पोखरला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी सल्ला देणारा आणि औषध विकणारा बहुधा एकच राहिला : कृषी सेवा केंद्राचा मालक. औषध उधारीवर मिळते, कापूस विकला की चुकते होते. ‘यंदा थांब’ या सल्ल्यावर त्याला सुटत काही नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री अळीचे आठ-आठ पतंग आले तरच फवारावे, अशी शिफारस आहे. ते मोजण्याची मजुरी मात्र कोणी देत नाही. हमीभावाच्या खरेदीत धाग्याची लांबी आणि ओलावा पाहतात. आठ फवारण्यांचा कापूस आणि तीन फवारण्यांचा कापूस, भाव एकच. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत, त्यांतले 15,000 थेट खात्यात. पण ते पुरते सेंद्रिय होणाऱ्या गटाला. आठाच्या तीन करणारा कुठल्याच रकान्यात बसत नाही. उलट त्याचे पीक गेले, तर ‘फवारले का नाही?’ हे गावभर ऐकायचे तेही त्यानेच.

अळीने धास्ती घ्यावी अशी उदाहरणे मोजकीच. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकांना बंदी केली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतले. भात घटला नाही. क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे 2010 मध्ये युरोपने द्राक्षे नाकारली. नाशिकचा निर्यातदार बागाईतदार औषधाआधी प्रयोगशाळेचा अहवाल पाहतो. तिथे कमी अंशाला गिऱ्हाईक आहे.

कापसात पतंग मोजणाऱ्याला मजुरी आणि न फवारलेल्या रानाला नुकसानीची हमी मिळेपर्यंत सदर अळीने मुक्काम हलवण्याचे कारण नाही.